वाचले की ऐकले?

आमच्या शाळेत दिवाळीच्या सुटीत मुलांना एक वही भरायला सांगण्याची पद्धत आहे. वहीत तीन रकाने आखायचे. किताबचे नाव, मुसन्निफचे म्हणजे लेखकाचे नाव आणि वाचून संपवल्याची तारीख. सुटी संपली की आम्ही वह्या तपासतो, खाली लाल शाईने सही करतो आणि ज्याच्या वहीत सर्वांत जास्त नावे असतील त्याचे नाव फळ्यावर लिहितो. उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या मुलांनी अभ्यासाच्या पुस्तकाबाहेरचे काही वाचावे, यासाठी जे चार-दोन उपाय आमच्यासारख्या मास्तरांच्या हाती आहेत त्यांपैकी हा एक.

२०२३ सालच्या दिवाळीनंतर नववीतल्या एका मुलाची वही आमच्यापुढे आली. हा मुलगा खाडीपलीकडच्या वाडीतून येतो. घरी कोकणी बोलली जाते. वर्गात त्याला वाचायला उभे केले की ओळीत तीनदा अडखळतो, नुक्ते सुटतात, मागचा शब्द पुढे जातो, मुले हसतात आणि तो खाली बसतो. त्याच्या वहीत पाच नावे होती. पतरस बुखारींचा सायकलवरचा लेख, गालिबची पत्रे, मुश्ताक अहमद यूसुफींचे दोन लेख आणि मीर अनीसचा एक मर्सिया. ही यादी पदवीच्या विद्यार्थ्यालाही शोभली असती. आम्हाला वाटले, कुणाची तरी नक्कल केली आहे.

बोलावून विचारले, "ये सब तुमने पढ़ा?"

तो म्हणाला, "सुना, सर. मोबाइल पर."

आम्ही पाचही नावांवर लाल रेघ मारली. सुनना पढ़ना नहीं होता, असे सांगून वही परत दिली. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. त्यानंतर त्याने त्या वहीत एक अक्षरही लिहिले नाही.

दोन-तीन आठवड्यांनी मधल्या सुटीत आम्ही वर्गात वह्या तपासत बसलो होतो. बाहेर व्हरांड्यात मुलांचा घोळका होता. हाच मुलगा पतरसच्या सायकलीचा किस्सा सांगत होता. निम्मे उर्दूत, निम्मे कोकणीत. कुठे थांबायचे, कुठला शब्द हळू टाकायचा, हसू येण्याच्या आधी किती उसंत घ्यायची, सगळे त्याला ठाऊक होते. पोरे पोट धरून हसत होती. तोच लेख आम्ही नववीच्या वर्गाला अनेकदा वाचून दाखवला आहे. असे हसू आमच्या तासाला कधी आले नव्हते.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला आहे. पुस्तक ऐकणे म्हणजे वाचणे आहे का? आणि नसेल, तर या मुलाने जे मिळवले त्याला नाव काय द्यायचे? प्रश्न दिसतो मास्तरकीचा, पण आहे न्याय-अन्यायाचा. कारण त्या लाल रेघेने आम्ही एका मुलाला सांगितले होते की, तुझ्या कानावाटे आलेले धन खोटे आहे.

त्याने ज्यांच्याकडून ऐकले ते झिया मोहिउद्दीन. यांची ओळख आमच्या मराठी वाचकांना करून दिली पाहिजे. जन्म १९३१ सालचा, लायलपूरचा. ते शहर आज फैसलाबाद म्हणून ओळखले जाते. १९५० च्या दशकात ते लंडनच्या राडा या नाट्यशाळेत शिकले. १९६० साली ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीवरील नाटकात त्यांनी लंडनच्या रंगभूमीवर डॉक्टर अझीझची भूमिका केली. १९६२ च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या चित्रपटात वाळवंटातल्या विहिरीपाशी गोळी लागून पडणारा वाटाड्या म्हणजे तेच. पुढे पाकिस्तान टेलिव्हिजनवर त्यांच्या नावाचाच कार्यक्रम गाजला. २००५ साली कराचीत 'नापा' ही नाट्य-संगीताची अकादमी सुरू झाली, तिची धुरा त्यांनी पुष्कळ वर्षे वाहिली. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी कराचीत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. म्हणजे आमचा विद्यार्थी त्या दिवाळीत ज्यांना ऐकत होता ते या जगात नव्हते.

पण आम्ही उर्दू शिकवणारी माणसे त्यांना ओळखतो ती नट म्हणून कमी आणि वाचणारे म्हणून जास्त. समोर कागद, डोळ्यांवर चष्मा आणि सभागृहात शेकडो माणसे. ना पेटी, ना तबला, ना पडदा. हा माणूस दुसऱ्याने लिहिलेले वाचतो आणि लोक दोन दोन तास बसून ऐकतात. या वाचनांच्या कॅसेटी निघाल्या, सीडी निघाल्या आणि मग ते सारे मोबाईलवर आले. त्यात गालिबची पत्रे आहेत, पतरस आणि इब्ने इन्शा यांचा विनोद आहे, यूसुफींचे गद्य आहे, फैज आणि राशिद यांच्या नज्मा आहेत, अनीसचे मर्सिये आहेत. पत्र, विनोद, कविता, शोक. इतके वेगवेगळे प्रकार आणि आवाज एकच. विनोद वाचताना ते स्वतः हसत नाहीत. पत्र वाचतात ते शेजाऱ्याशी बोलावे तसे. मर्सिया वाचतात तो 'तहतुल-लफ्ज', म्हणजे सूर न लावता, केवळ शब्दांवर वजन देऊन.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ऐकणे हे वाचणे आहे की नाही?

आमच्या दादीला अक्षर येत नव्हते. पण नूरनामा तिला पाठ होता आणि मौलूदची कितीतरी पाने तिच्या ओठांवर होती. शेजारची एक शिकलेली बाई वाचायची आणि दहा बायका ऐकायच्या. दादीला आम्ही अडाणी म्हणू शकत नाही. मराठीतही हेच आहे. गावोगावच्या पारायणांत एक जण पोथी वाचतो आणि गाव ऐकतो. तिथे श्रवणाला भक्तीतले पहिले स्थान दिले आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी एकत्र कथाकथन करून महाराष्ट्र पालथा घातला. त्यांच्या कथा ज्यांनी केवळ ऐकल्या, त्यांना त्या कळल्या नाहीत असे म्हणण्याची कुणाची छाती होईल?

आपल्या इल्मी परंपरेत तर ऐकण्याचा दर्जा याहून वरचा आहे. हदीसची विद्या एकाकडून दुसऱ्याकडे कशी पोचते याचे प्रकार इब्न अस-सलाह यांनी आपल्या ग्रंथात मोजले आहेत. हे दमास्कसचे आलिम १२४५ साली वारले. त्यांनी आठ प्रकार सांगितले. पहिला 'समा', म्हणजे उस्तादाच्या तोंडून ऐकणे. शेवटचा 'विजादा', म्हणजे कुणाचे तरी लिहिलेले सापडले आणि आपले आपणच वाचले. आम्ही लाल शाईने जो क्रम लावला होता त्याच्या हे बरोबर उलटे! हाती पुस्तक आले आणि एकट्याने वाचले, ही त्यांच्या लेखी सर्वांत कच्ची गोष्ट. कारण चूक झाली तर सुधारणारा कुणी नाही, आणि तू हे कुणाकडून घेतलेस या प्रश्नाला उत्तर नाही.

पण आमच्या मते या परंपरेतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. बाराव्या ते चौदाव्या शतकांतल्या दमास्कसमध्ये एखादा ग्रंथ बैठकीत वाचून पुरा झाला की त्या प्रतीवर ऐकणाऱ्यांची नावे लिहिली जात. त्या याद्या आजही हस्तलिखितांवर आहेत. त्यांत आलिमांबरोबर कारागीर आहेत, बायका आहेत, गुलाम आहेत, मुले आहेत. कोण उशिरा आला, कुणाचा कोणता भाग हुकला, इतकेच नव्हे तर कुणाला डुलकी लागली, कोण बोलत बसले, हेही कधीकधी नोंदलेले आढळते. लहान मुलांसाठी तर वेगळाच शब्द होता. पाच वर्षांच्या मुलासमोर 'समिअ', म्हणजे ऐकले, असे लिहीत. त्याहून लहान असेल तर 'हदर', म्हणजे हजर होता, एवढेच.

आम्ही रोज सकाळी हजेरी घेतो. मुले 'हाजिर' म्हणतात. शब्द त्याच धातूचा आहे. पंचेचाळीस मुले हाजिर असतात, पण त्यांतल्या किती जणांनी ऐकले हे आमच्या कोणत्याही रजिस्टरात लिहिलेले नसते. हजर असणे आणि ऐकणे यांत फरक आहे, हे त्या लोकांना आठशे वर्षांपूर्वी कळले होते. तोच फरक पुस्तकाच्या पानालाही लागू आहे. पानावरून डोळा फिरवणारा प्रत्येक जण वाचत नसतो. आमच्या त्या वह्यांत वीस-वीस नावे लिहिणारी मुले आहेत. त्यांच्यातली कितीतरी त्या पुस्तकांपुढे फक्त हाजिर होती. त्यांची नावे आम्ही फळ्यावर लिहिली.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. वाचणे डोळ्यांनी होते की कानांनी, हा मुद्दा दुय्यम. मजकूर माणसाच्या आत पोचला का आणि त्याबद्दल विचारले तर त्याला जबाब देता येतो का, हा मुद्दा मुख्य. या कसोटीवर तो मुलगा उत्तीर्ण होता आणि त्याला तपासणारे आम्ही नापास होतो.

इथे आणखी एक गोष्ट आठवावी. यंत्रावर पुस्तके बोलू लागली ती आळशी माणसांच्या सोयीसाठी नव्हे. इंग्लंडमध्ये १९३५ साली अंधांसाठी 'बोलकी पुस्तके' सुरू झाली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावून परतलेले सैनिक हे त्यामागचे एक मोठे कारण होते. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम पंचवीस मिनिटांचे वाचन मावत असे. ज्याच्यासाठी पानाचा दरवाजा बंद झाला त्याच्यासाठी दुसरा उघडावा, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेलाही त्या यादीत जागा दिली आहे. आमच्या विद्यार्थ्याला तसे काही आहे की नाही हे तज्ज्ञांनीच ठरवायचे. पण अक्षरे त्याच्यापुढे स्थिर राहात नाहीत, हे आम्ही दोन वर्षे पाहात होतो आणि त्याला कामचुकारपणा म्हणत होतो. बी.एड.ला याच विषयावर आम्ही चांगले दहा गुणांचे उत्तर लिहिले होते!

इथवर आल्यावर लेख संपवता आला असता. पण नाण्याची दुसरी बाजू आम्हाला दोन महिन्यांनी दिसली.

जानेवारीत शाळेत बुलंदख्वानीची, म्हणजे प्रकट वाचनाची स्पर्धा होती. दहावीतल्या एका हुशार मुलीने गालिबचे पत्र वाचले. सभागृह थक्क झाले. एकेक काफ घशातून, एकेक खे आणि गैन जागच्या जागी. आम्ही आणि आमचे सहकारी परीक्षक होतो. पहिले बक्षीस तिला दिले. बक्षीस देताना आमच्या लक्षात आले की हा आवाज आपण ओळखतो. ठराव तोच, चढ-उतार तोच, वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडण्याची तऱ्हा तीच. सोळा वर्षांच्या मुलीच्या गळ्यातून नव्वदीतला माणूस बोलत होता. कार्यक्रम संपल्यावर आम्ही तिला विचारले, "बेटा, त्या अमुक वाक्यावर तू इतकी थांबलीस, ते का?"

ती निरागसपणे म्हणाली, "मालूम नहीं सर, वो ऐसे ही पढ़ते हैं."

मुलीचा यात दोष नाही. पण तिच्या उत्तराने आम्हाला विचारात पाडले. मोठा नट एखादा मजकूर वाचतो तेव्हा तो आपल्या वतीने काही निर्णय घेऊन टाकतो. गालिबचे गद्य घ्या. आपण पत्रव्यवहाराला बोलण्याचे रूप दिले, असा खुद्द गालिबचा दावा होता. त्यामुळे त्याची पत्रे कानांनी ऐकण्यात औचित्यच आहे. पण १८५७ नंतरच्या दिल्लीतून हा माणूस लिहितो. मित्र गेले, मोहल्ले उजाड झाले, पेन्शन अडकली आणि तरी तो थट्टा करतो. हे वाक्य हसून म्हणायचे की गळा दाटून? पानावर दोन्ही शक्यता शेजारी शेजारी नांदतात. वाचणारा आज हसतो आणि दहा वर्षांनी, घरात एखादा मृत्यू झाल्यावर, त्याच ओळीवर रडतो. नटाला मात्र तोंड उघडताक्षणी एक वाट निवडावीच लागते. तो जितका समर्थ, तितकी त्याची वाट आपल्याला एकमेव वाटू लागते. त्याच्यानंतर ते पत्र आपण वाचू लागलो तरी आतून आवाज त्याचाच येतो.

मग नटाने वाचूच नये काय? असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्याचा मजकूर तोंडी घेणे ही अमानत आहे. ती झिया मोहिउद्दीन यांनी सांभाळली. विनोद वाचताना न हसणारा माणूस आपले हसू ऐकणाऱ्यासाठी राखून ठेवतो. मर्सियात सूर न लावणारा शब्दाच्या आड येत नाही. पत्र, विनोद, कविता, शोक या सगळ्यांना एकच आवाज पुरला, कारण तो आवाज दर वेळी लेखकाच्या मागे दोन पावले उभा राहिला. नटाचे मोठेपण आम्ही यात मानतो. तेव्हा अमानतीत खयानत झालीच असेल तर ती ऐकणाऱ्याकडून. आपण निर्णय त्याच्यावर सोपवून निर्धास्त झालो, आणि आम्ही परीक्षकांनी त्या निर्धास्तपणाला पहिले बक्षीस दिले.

बी.एड.च्या पाठ टाचणात दोन शब्द असतात. 'आदर्श वाचन' आणि 'अनुवाचन'. शिक्षक आधी उतारा स्वतः वाचून दाखवतो, ते आदर्श वाचन. त्यानंतर विद्यार्थी वाचतात, ते अनुवाचन. पाठ टाचणात पहिल्याला पाच मिनिटे असतील तर दुसऱ्याला दहा असतात. पहिले असते ते दुसऱ्यासाठी. आदर्श वाचन करून जो मास्तर वर्गाबाहेर पडेल त्याला मार्गदर्शक नापास करील. आज एवढे उत्तम आदर्श वाचन घरोघरी आले आहे की त्यापुढे अनुवाचन कुणी करायचे हेच आपण विसरत चाललो आहोत. स्टोरीटेलसारखी कंपनी २०१७ साली भारतात आली आणि मराठी पुस्तकेही नामवंत आवाजांत ऐकायला मिळू लागली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण कानात पुस्तक आणि हातात स्टिअरिंग, ही हजेरी आहे की श्रवण आहे, हे प्रत्येकाने आपल्यापुरते तपासावे.

आता आम्हा मराठी मुसलमानांपुरती एक अवघड गोष्ट बोलायची आहे. त्या स्पर्धेत आमचा नववीचा विद्यार्थी नव्हता. नाव का दिले नाहीस, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "मेरा लहजा ख़राब है, सर."

हे त्याला कुणी सांगितले? झिया मोहिउद्दीन यांनी नक्कीच नाही. हे त्याला आम्ही सांगितले. शब्दांत नसेल, पण दर वेळी त्याला मध्येच थांबवून, दर वेळी त्याच्या कोकणी हेलावर वर्ग हसला तेव्हा गप्प राहून सांगितले. महाराष्ट्रातल्या आम्हा लोकांच्या मनात हा न्यूनगंड फार जुना आहे. घरात कोकणी, वऱ्हाडी, दखनी नाहीतर सरळ मराठी. शाळेत उर्दू. आणि उर्दू म्हटली की ती दिल्ली-लखनौची, आपली नव्हे. मराठी बोलावे तर शेजारी विचारतो, 'तुम्ही इतके चांगले मराठी कसे बोलता?' उर्दू बोलावे तर उत्तरेचा पाहुणा हसतो. आपण दोन्ही घरांत पाहुणे. अशा माणसाच्या कानात जेव्हा तो निर्दोष आवाज पडतो तेव्हा आनंदाबरोबर एक शरमही उतरते. आपल्याला हे कधी जमणार नाही, म्हणून आपण गप्प बसावे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. तलफ्फुज एक आणि लहजा दुसरा. तलफ्फुज शिकवलाच पाहिजे, त्यात आम्ही सवलत मागत नाही. मोठ्या काफने 'क़ल्ब' म्हटले तर अर्थ हृदय होतो आणि लहान काफने 'कल्ब' म्हटले तर अरबीत कुत्रा होतो. अर्थाची जिथे हानी होते तिथे मास्तराने कान पकडावा. पण लहजा म्हणजे त्या मुलाची माती आहे, त्याच्या आईचा हेल आहे. तो पुसून टाकला तर उरते ते वाचन कुणाचे? खुद्द झिया मोहिउद्दीन दिल्लीत वाढले नव्हते की लखनौत. ते पंजाबात वाढले. तो आवाज त्यांना पाळण्यात मिळालेला नव्हता, तो त्यांनी कान देऊन आणि जन्मभर मेहनत करून कमावला. त्यांच्याकडून घ्यायचीच असेल तर ती मेहनत घ्यावी. आवाज त्यांचा त्यांच्याजवळ राहू द्यावा.

आजच्या काळात या गोष्टीला आणखी एक धार आली आहे. मेलेल्या माणसाच्या आवाजात, त्याने कधी न वाचलेला मजकूर संगणकाकडून वदवून घेणे आता शक्य झाले आहे. उद्या कुणी झिया मोहिउद्दीन यांच्या आवाजात भलताच लेख ऐकवील आणि आम्ही वाहवा करू. यंत्राचा ठराव अचूक असेल. पण इथे का थांबलास, असे त्याला विचारले तर त्याच्यामागे जबाब देणारा कुणी नसेल. 'वो ऐसे ही पढ़ते हैं' एवढेच उत्तर. दमास्कसच्या त्या बैठकींत वाचणाऱ्याचे नाव लिहीत आणि ऐकणाऱ्यांचेही लिहीत. दोन्हीकडे एकेक माणूस उभा होता आणि दोघांनाही विचारता येत होते. श्रवणाला प्रतिष्ठा होती ती त्या जबाबदारीमुळे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. ऐकणे हे वाचणेच आहे, पण ते अर्ध्यावर थांबवून चालत नाही. उत्तम आवाजात ऐकलेले पुस्तक आपल्यावर एक कर्ज ठेवून जाते. ते आपल्या स्वतःच्या, असेल तशा आवाजात कुणाला तरी परत द्यायचे असते. मुलाला, भावंडाला, आंधळ्या शेजाऱ्याला, नाहीतर निदान स्वतःला. व्हरांड्यात अर्ध्या कोकणीत पतरस सांगणारा मुलगा नेमके हेच करत होता. दादीने ऐकलेले आम्हा नातवंडांना सांगितले तेव्हा तिनेही हेच केले. ही रीत नवी नाही. तिला विसरलो ते आम्ही शिकलेले लोक.

गेल्या वर्षापासून आमच्या वहीत चौथा रकाना आला आहे. 'पढ़ा या सुना, और किससे?' ज्याने ऐकले त्याने ऐकले असे लिहावे आणि वाचणाऱ्याचे नावही लिहावे. मात्र त्यातले एक पान त्याने वर्गात आपल्या आवाजात वाचून दाखवायचे किंवा सांगायचे. ज्याने डोळ्यांनी वाचले त्यालाही हाच नियम. वीस-वीस नावे लिहिणारे त्यामुळे कमी झाले आहेत.

त्या मुलाची माफी आम्ही वर्गात मागितली. मास्तराने असे करू नये, असे काही सहकाऱ्यांचे मत पडले. आम्हाला ते पटले नाही. रेघ वर्गात मारली होती, तर माफी स्टाफरूममध्ये कशी मागणार? मग त्याला पतरसचे एक पान वाचायला सांगितले. त्या पानाला त्याला सहा मिनिटे लागली. चार ठिकाणी अडखळला, दोन ठिकाणी काफ चुकला, ते आम्ही नंतर सांगितले, मध्ये थांबवले नाही. हेल शेवटपर्यंत खाडीपलीकडचाच होता. विनोदाच्या जागी वर्ग हसला, तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर करून पाहिले, आपल्याला हसताहेत की पतरसला. मग पुन्हा पानावर बोट ठेवले आणि पुढे वाचू लागला.

जुन्या वहीतल्या त्या पाच लाल रेघा तशाच आहेत. लाल शाई खोडता येत नाही. आम्ही त्यांच्याखाली तारीख घालून 'समिअ' असे लिहिले आणि सही केली.